नववीला पोहणं सक्तीचं

शाळेचं वेळापत्रक एकोणीस वर्षं एकाच माणसाच्या हातात होतं. गणिताचे सर. उंच, सडपातळ, आणि चालताना लांब पाय असे मोजून टाकायचे की मुलांनी त्यांचं नाव 'कंपास' ठेवलं होतं. ते नाव मुलांकडून शिक्षकांत आलं आणि तिथून सरांच्या बायकोपर्यंत पोचलं. सरांना त्याचं काहीच वाटत नसे. "कंपासशिवाय वर्तुळ काढून दाखवा," असं म्हणून ते पुढे जात.

स्टाफरूमच्या भिंतीवर एक मोठा पुठ्ठा होता. त्यावर आठवड्याचे सगळे तास रंगीत टाचण्यांनी टोचलेले. गणिताची टाचणी निळी, भाषेची लाल, विज्ञानाची हिरवी. एक टाचणी हलवली की दुसरीकडे तीन तास कोसळतात, असं सर सांगत, म्हणून त्या पुठ्ठ्याला कुणी हात लावत नसे. झाडणारी बाईसुद्धा तिथली धूळ तोंडाने फुंकायची.

वार्षिक परीक्षा संपली की सगळे शिक्षक एका मोठ्या टेबलाभोवती बसत. दोन प्रश्न ठरलेले असत: पुढच्या वर्षी कोणते विषय सक्तीचे, आणि शाळेच्या हातात जो थोडा पैसा उरतो तो कशावर घालवायचा. पहिल्या प्रश्नावर पाच मिनिटं जात आणि दुसऱ्यावर चहाच्या तीन फेऱ्या.

त्या वर्षी मोठ्या बाईंना, म्हणजे मुख्याध्यापिकांना, सभागृहासाठी खुर्च्या हव्या होत्या. मागच्या स्नेहसंमेलनात प्रमुख पाहुणे बसले आणि खुर्ची मोडली. पाहुण्यांनी उरलेला सगळा वेळ उभ्यानेच काढला, आणि उभे आहोतच तर म्हणून पाऊण तास भाषण केलं. विज्ञानाच्या बाईंना सूक्ष्मदर्शक हवे होते. "चाळीस मुलांत एक," त्या म्हणाल्या. "विसाव्या मुलाला जंतू दिसेपर्यंत घंटा होते. बाकीचे वीस माझ्यावर विश्वास ठेवून पास होतात."

मग खेळाच्या बाई उठल्या. गळ्यात कायम शिट्टी, म्हणून त्यांना सगळे शिट्टीबाई म्हणत.

"मला वस्तू नकोय, विषय हवाय," त्या म्हणाल्या. "नववीच्या प्रत्येक मुलाला पोहता आलं पाहिजे. ते आल्याशिवाय दहावीत घालायचं नाही."

कुणाचं तरी बिस्किट चहात पडलं.

"मागच्या महिन्यात एका वर्गाला तळ्यावर सहलीला नेलं होतं," शिट्टीबाई सांगू लागल्या. "सहज विचारलं, पोहता कुणाकुणाला येतं? चाळीसातले सात हात वर आले. त्यानंतर दिवसभर मी डोकी मोजत बसले. तळं कसं होतं ते विचाराल तर मला सांगता येणार नाही."

त्यांनी सगळी चौकशी करून ठेवली होती. नगरपालिकेचा तरणतलाव शाळेपासून चालत दहा मिनिटांवर. सकाळी तिथे कुणी नसतं, शाळांना निम्मा दर.

पहिला हात वर झाला तो कंपास सरांचा.

"तास कुठून आणणार? आठवड्यात एक मोकळा तास दाखवा."

"तुम्ही शोधलात तर सापडेल," शिट्टीबाई म्हणाल्या.

"मुलांना सर्दी होईल."

"पाणी कोमट असतं."

"पालक ओरडतील."

"पालकांना मी विचारलंय. ते म्हणतात, आम्हालाही शिकवा."

"आणि... आणि ओले टॉवेल कुठे वाळत घालायचे?"

आता मात्र मोठ्या बाईंनी चष्म्यावरून सरांकडे पाहिलं. हा माणूस वादाला पक्का, एक मुद्दा धरला की सोडत नाही. आज एक संपला की दुसरा धरतोय, आणि टॉवेलवर येऊन पोचलाय. काहीतरी वेगळंच पाणी मुरत होतं.

"मतदान घेऊ," त्या म्हणाल्या. "पण त्याआधी आपला जुना नियम आहे." त्यांनी कपाटातून ठरावांची वही काढली, पानं उलटली आणि मोठ्याने वाचलं: "कोणताही विषय सक्तीचा करण्याआधी, मत देणाऱ्या प्रत्येक शिक्षकाने त्या विषयाचा किमान एक तास विद्यार्थी म्हणून करावा. जो करणार नाही त्याचं मत धरलं जाणार नाही. सूचक..." त्या थांबल्या. "सूचक, गणिताचे सर."

आठ वर्षांपूर्वी कुणीतरी नाटक हा विषय सक्तीचा करायला निघालं होतं. तो हाणून पाडायला सरांनी हा नियम आणला. भूगोलाच्या सरांना तासभर झाड होऊन उभं राहावं लागलं, आणि नाटकाचा विषय तिथेच संपला. आज आपलेच दात आणि आपलेच ओठ.

"शनिवारी सकाळी सात," शिट्टीबाई म्हणाल्या. "येताना टॉवेल आणा."

सरांना पोहता येत नव्हतं, एवढीच गोष्ट असती तर ठीक होतं. सरांना पाण्याची भीती होती. नऊ वर्षांचे असताना मामाने त्यांना 'पाण्यात पडलं की पोहता येतं' असं म्हणत उचलून हौदात टाकलं होतं. सर पडले, पोहता मात्र आलं नाही. नाकातोंडात पाणी गेलं, दोघांनी ओढून बाहेर काढलं, आणि मामा पुढची वीस वर्षं प्रत्येक लग्नात तो किस्सा हसत हसत सांगत राहिला. तेव्हापासून सरांची आणि पाण्याची ओळख बादलीपुरती. शाळेच्या तीन सहली समुद्रावर गेल्या, तिन्ही वेळा सरांनी बॅगा सांभाळल्या. एवढ्या मनापासून बॅगा का सांभाळतात, हे कुणी विचारलं नाही.

घरी गेले तेव्हा बायको पुढच्या खोलीत मशीनवर बसली होती. ती लोकांचे कपडे दुरुस्त करून द्यायची, लांब असेल ते आखूड, घट्ट असेल ते सैल. तोंडात टाचण्या धरलेल्या असल्यामुळे तिला मध्ये बोलता येत नव्हतं, म्हणून सरांनी सगळं एका दमात सांगून टाकलं. मामाचं, हौदाचं, बॅगांचं, शनिवारचं. तीस वर्षांच्या संसारात हौदाची गोष्ट तिने मामाच्या तोंडून ऐकली होती, नवऱ्याच्या तोंडून पहिल्यांदा.

ती हसली नाही. टाचण्या काढून उशीत टोचल्या आणि विचारलं, "उथळ बाजूला खोली किती आहे?"

"मला काय माहीत?"

"विचारायचं असतं." ती उठली, कपडे भिजवायचा मोठा टब ओढून आणला, पाणी भरलं आणि जमिनीवर ठेवला. "बसा. तोंड बुडवा."

"आत्ता?"

"मग काय, शनिवारी एकदम?"

सर गुडघ्यांवर बसले. पहिल्यांदा नाकाचा शेंडा ओला झाल्याबरोबर मागे आले.

"अहो, टब आहे तो, चावत नाही. तोंडाने श्वास घ्या, आत नाकाने सोडा. बुडबुडे येऊ द्या. मोठ्याने सोडा, लाजू नका, इथे कोण आहे?"

चौथ्या वेळेला बुडबुडे आले. सर बाहेर आले, केस कपाळाला चिकटलेले, आणि एखादं अवघड उदाहरण सुटल्यासारखे बायकोकडे पाहू लागले. मग त्यांच्या लक्षात आलं.

"अगं, पण तुला हे कसं येतं?"

"मी नदी पोहून पार करायचे," ती टॉवेल पुढे करत म्हणाली. "शाळेत शर्यती व्हायच्या. मुलांना हरवायचे."

"तीस वर्षांत कधी बोलली नाहीस!"

"काय बोलणार? समुद्रावर गेलो की तुम्ही इतके मागे वाळूत जाऊन बसायचात. मी एकटी पाण्यात शिरले असते तर तुमचा जीव टांगणीला लागला असता. मग मी पण बसायचे. वाळूही काही वाईट नसते."

सरांनी टॉवेल घेतला, पण तोंड पुसलं नाही. मग त्यांनी पुन्हा टबात तोंड घातलं, आणि या वेळी बाहेर यायची घाई केली नाही.

शनिवारी सातला सगळे हजर होते. तलावाच्या इमारतीत औषधाचा उग्र वास, ओल्या फरशा, उंच खिडक्यांतून आलेला फिकट उजेड. रोज एकमेकांना नमस्कार करणारी माणसं कपाटांच्या किल्ल्या मनगटाला अडकवून बाहेर आली आणि हात कुठे ठेवावेत ते कुणालाच कळेना. मोठ्या बाईंनी पिवळी टोपी घातली होती. त्यांना पाहून भाषेचे सर सवयीने उभे राहायला गेले, आणि आपण उभेच आहोत हे नंतर त्यांच्या लक्षात आलं.

शाळेचा कारकून काठावर उभा होता. पैशाला हात लावू देत नाही म्हणून त्याला तिजोरी म्हणत. त्याला मत नव्हतं, पण नियमाप्रमाणे हजेरी लागली पाहिजे म्हणून तो वही, पेन आणि मनगटावरचं घड्याळ घेऊन, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून आला होता.

विज्ञानाच्या बाई मासोळीसारख्या निघून गेल्या. भूगोलाचे सर थंडीने कुडकुडत 'कोमट म्हणाल्या होत्या, कोमट' असं पुटपुटत होते. बाकीच्यांनी एकमेकांवर पाणी उडवायला सुरुवात केली, जे त्यांनी मुलांना करू दिलं नसतं. कंपास सर मात्र पायऱ्यांवर होते. तिसऱ्या पायरीवर, पाणी मांड्यांपर्यंत, दोन्ही हातांनी कठडा धरलेला, बोटं पांढरी पडलेली.

शिट्टीबाई हळूहळू चालत त्यांच्याजवळ आल्या.

"सर, इथली खोली किती?"

"एक मीटर दहा," सर म्हणाले. या वेळी विचारून ठेवलं होतं.

"तुमची उंची?"

"एक मीटर त्र्याऐंशी."

"वजाबाकी करा."

"त्र्याहत्तर सेंटिमीटर मी पाण्याच्या वर."

"मग भीती कशाची?"

"बाई, गणित मला कळतंय. गुडघ्यांना कळत नाहीये."

शिट्टीबाई हसतील असं त्यांना वाटलं होतं. त्या हसल्या नाहीत. "अवघड आहे," त्या म्हणाल्या. "पहिल्यांदा खरंच अवघड असतं. एक हात मानेखाली ठेवते, एक पाठीखाली. तुम्ही 'काढा' म्हणाल तेव्हाच काढीन. नाही म्हणालात तर तासभर अशीच उभी राहीन."

सरांच्या मनात एकदम काहीतरी हललं. तीस वर्षं ते फळ्यापुढे उभे राहून म्हणत आले होते, 'यात घाबरण्यासारखं काय आहे? सोपं तर आहे.' रोज किमान दोनदा. ते ऐकून समोरच्या मुलाला काय वाटत असेल, हे त्यांना आज या तिसऱ्या पायरीवर कळलं. सोपं असूनही येत नाही, याच्याइतकं एकटं वाटायला लावणारं दुसरं काही नाही.

त्यांनी कठडा सोडला.

पहिल्यांदा आडवे झाले आणि दचकून उठले. दुसऱ्यांदा पाणी कानात गेलं म्हणून उठले. तिसऱ्यांदा कान बुडाले आणि सगळा गलका बंद झाला. भाषेच्या सरांचं ओरडणं नाही, शिट्ट्या नाहीत. फक्त स्वतःचा श्वास, मोठा मोठा ऐकू येणारा, आणि डोळ्यांसमोर उंच छत. छताला अठ्ठावीस दिवे होते. सरांनी ते दोनदा मोजले.

"एक हात काढा," ते म्हणाले.

थोड्या वेळाने म्हणाले, "दुसरा पण काढा."

आणि सर तरंगले. लांबच्या लांब, हात पसरून, बोटं उघडी. मग अर्थातच त्यांना आपण तरंगतोय हे जाणवलं, अंग आखडलं आणि ते बुडाले. एक गटांगळी खाऊन, खोकत, डोळे चोळत उभे राहिले. शिट्टीबाई पुढे धावल्या. पण सर हसत होते. स्टाफरूमने एकोणीस वर्षांत जे हसणं ऐकलं नव्हतं ते, पोटातून आलेलं, छताला जाऊन आपटणारं.

"अकरा सेकंद!" काठावरून तिजोरी ओरडला. "सर, वहीत मांडू?"

"मांडा!" सर म्हणाले. "आणि थांबा, अजून एकदा."

पुढच्या वेळी सोळा झाले. मग बारा, मग एकवीस. एकवीसला मोठ्या बाईंनी टाळ्या वाजवल्या. तास संपला, सगळे अंग पुसायला गेले, आणि घंटेबरोबर वर्गात शिरणारा हा माणूस पाण्यातून म्हणत होता, "पाचच मिनिटं, बाई. पाचच."

रविवारी सर बायकोला घेऊन पुन्हा तिथे गेले. तिने सासरी गेलेल्या मुलीचा जुना पोहण्याचा पोशाख रात्रीत बाजूंनी उसवून, पट्ट्या जोडून स्वतःच्या मापाचा केला होता. ती पायऱ्या उतरली नाही. काठावर उभी राहिली, गुडघे वाकवले आणि आत गेली. सर एक मीटर दहावर उभे राहून बघत होते. ती या टोकाहून त्या टोकाला गेली, वळली, परत आली, पुन्हा गेली. परत आली तेव्हा धापा टाकत होती आणि चेहरा सोळा वर्षांच्या मुलीचा झाला होता.

"हात दुखणार उद्या," ती म्हणाली.

"उद्या शिलाई बंद ठेव," सर म्हणाले. "आता अजून एक फेरी मार. मला बघायचंय."

त्या दुपारी घरी त्यांनी कागद घेतला आणि रात्रीच्या जेवणापर्यंत डोकं वर केलं नाही.

बुधवारी दुसरी बैठक. सर आले ते पुठ्ठा काखेत घेऊन. भिंतीवरून तो पहिल्यांदाच खाली उतरला होता. मागे चौकोनी पांढरा डाग राहिला होता. त्यांनी पुठ्ठा टेबलावर आडवा ठेवला.

"नववीच्या चार तुकड्या. प्रत्येकीला आठवड्यातून एक सकाळ, पहिले दोन तास, दहा आठवडे. दोन तुकड्या पहिल्या सत्रात, दोन दुसऱ्या. ही घ्या पिवळी टाचणी, पोहण्याची."

सगळे वाकून बघू लागले. भाषेचे सर आधी आपल्या लाल टाचण्या मोजत होते. त्या होत्या तेवढ्याच होत्या.

"सर," विज्ञानाच्या बाई म्हणाल्या, "निळ्या कमी दिसतायत."

"गणिताच्या जादा तासांतल्या काढल्यात."

"आणि मुलांचं गणित कच्चं राहिलं तर?"

"राहिलं तर मी शिकवीन. कच्च्या मुलाला शिकवता येतं, बाई. बुडालेल्याला नाही."

विज्ञानाच्या बाईंनी मान डोलावली. मग शिट्टीबाईंनी आपला अभ्यासक्रम वाचला: तलावाची रुंदी पोहून जाणं, पन्नास गुण, अठराला पास, नापास मूल दहावीत नाही. पुन्हा हात वर झाला तो कंपास सरांचा, आणि शिट्टीबाईंनी कपाळाला हात लावला.

"गुण नकोत," सर म्हणाले.

"कोण म्हणतंय हे?" मोठ्या बाईंनी विचारलं. अर्ध्या गुणासाठी भांडणारे सर हेच का, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

"मीच म्हणतोय. एक मिनिट तरंगता आलं पाहिजे, आणि कुणाचा हात न धरता काठाला पोचता आलं पाहिजे. कसंही. कुत्र्यासारखं पाय मारत आलं तरी चालेल. वहीत एवढंच लिहायचं, 'झालं' किंवा 'अजून नाही'. दहावीत जाऊ द्या त्यांना, पण शाळा सोडायच्या आत व्हायलाच हवं. कितीही वेळा प्रयत्न करू देत."

शिट्टीबाईंनी आपल्या कागदाकडे पाहिलं आणि तो उभा फाडला. "हे माझ्यापेक्षा बरं आहे," त्या म्हणाल्या.

डॉक्टरांची चिठ्ठी असेल त्या मुलाला सूट, एवढी एक ओळ मोठ्या बाईंनी घातली.

उरला पैशाचा प्रश्न. तिजोरीने आकडे वाचून दाखवले, आणि आकडे सरळ होते: एक तर सभागृहाच्या खुर्च्या, नाहीतर पोहणं आणि वर चार सूक्ष्मदर्शक. दोन्ही बसत नव्हतं. सगळ्यांनी मोठ्या बाईंकडे बघायचं टाळलं. बाईंनी खुर्च्यांचा नमुना आणून ठेवला होता, निळ्या कापडाचा, आणि त्यावरून त्या गेले दोन आठवडे हात फिरवत होत्या.

"प्रमुख पाहुणे या वर्षीही उभे राहतील," त्या शेवटी म्हणाल्या. "पण भाषणाची वेळ पत्रिकेत छापायची. सात मिनिटं. सरांनी घड्याळ घेऊन समोर बसायचं."

हशा पिकला आणि त्या हशातच हात वर झाले. विरोधात एकच मत पडलं, भूगोलाच्या सरांचं. त्यांना पोहणं मान्य होतं, सकाळी सात मान्य नव्हतं, आणि तसं त्यांनी वहीत लिहून घ्यायला लावलं.

शाळा सुरू झाली. पहिल्या तुकडीबरोबर शिट्टीबाई निघाल्या तेव्हा कंपास सर टॉवेल खांद्यावर टाकून फाटकात उभे होते.

"तुमचा तास नाही आज," शिट्टीबाई म्हणाल्या.

"मोकळा आहे म्हणूनच आलो. ज्यांना थोडंफार येतं ते तुमचे. ज्यांना भीती वाटते ते माझे."

अशी सहा मुलं निघाली. त्यांतली एक मुलगी गणितात वर्गात पहिली यायची. ती पहिल्या पायरीवर उभी राहून रडत होती, आवाज न करता, ओठ घट्ट मिटून. सर तिच्या शेजारी पायरीवर बसले. थोड्या वेळाने तीही बसली, आणि दोघांनी पाण्यात पाय सोडले.

"सर, तुम्हाला पोहता येतं?" तिने विचारलं.

"तरंगता येतं. काठापर्यंत पोचायला जाम वेळ लागतो. मध्ये एकदा पाणी पितोच."

"खरंच?"

"परवा तर ठसक्याने सगळा तलाव थांबला होता."

मुलगी हसली. मग डोळे पुसून तिने विचारलं, "अवघड आहे का हो?"

"आहे," सर म्हणाले. "बऱ्यापैकी अवघड आहे."

ती उठून उभी राहिली. मग दुसऱ्या पायरीवर उतरली. सर कठड्यापासून जरा बाजूला सरकले, म्हणजे तिला दोन्ही हातांनी धरता येईल. तिसऱ्या पायरीवर पाणी तिच्या कमरेला लागलं तेव्हा तिने मोठ्याने श्वास घेतला आणि वर बघून म्हणाली, "सर, वाटलं होतं तेवढं थंड नाहीये."